मागच्या चाकांची भीती

उरणच्या रस्त्यावर, उलवे मागे पडलं की एक लांबलचक डावं वळण लागतं. दिसायला अगदी साधं. कंटेनरचे ट्रेलर तिथून दिवसभर जातात आणि एकाही ड्रायव्हरला त्या वळणाला नाव द्यावंसं वाटलेलं नाही. त्या वळणात एका रविवारी सकाळी माझ्या दादाची गाडी स्वतःभोवती फिरली. डावीकडच्या सीटवर मी होते.

गाडी दोन माणसांची. बुटकी, रुंद, पिवळी, इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देणारी. वीसेक वर्षं जुनी, परदेशी, कुणा हौशी माणसाच्या हातून दादाकडे आलेली. दादा बांधकामाचा माल पुरवतो, रेती, खडी, विटा. त्याचे दोन डम्पर आहेत आणि एक टेम्पो. आयुष्यभर उंचावर बसून गाड्या हाकलेल्या माणसाला जमिनीला टेकून बसायची हौस आली होती. ज्या गावठाणात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, तिथे असली गाडी आणणं म्हणजे उद्धटपणा आहे, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. तो म्हणाला होता, "बस तर एकदा. मग भाषन कर."

म्हणून मी बसले होते.

एक ट्रेलर ओलांडून आम्ही वळणात शिरलो. वेग मला जास्त वाटत होता. दादाला तसं वाटत नसावं, त्याचे हात स्टेअरिंगवर सैल होते. वळण आता संपणार असं वाटत असतानाच ते आणखी वळलं, आणि मी ओरडले, "दादा, हळू!"

पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. गाडीचा मागचा भाग माझ्या पाठीखालून उजवीकडे निघून गेला. याहून नीट मला ते सांगता येत नाही. आपण खुर्चीत बसायला जावं आणि कुणीतरी ती हळूच बाजूला ओढून घ्यावी, तसं. समोरच्या काचेतून रस्ता गेला, मग कडेची खारफुटी गेली, मग आम्ही ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता समोर आला, आणि त्यावर नुकताच ओलांडलेला ट्रेलर. तोंडासमोर. त्याचे टायर धूर सोडत होते आणि पाठीवरचा कंटेनर डुलत होता. आमची गाडी थांबली होती, तो थांबला नव्हता.

तो थांबला तेव्हा त्याच्या बंपरवरचे बोल्ट मला मोजता आले असते.

ड्रायव्हर खाली उतरला. पोक्त माणूस, खांद्यावर टॉवेल. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे.

"हिरो, मरने का शौक है तो बीवी को तो पहिले उतार दे!"

"बहीन हाय माझी," दादा म्हणाला.

"तो बहन को उतार दे!"

दादा हसला. चक्क हसला. गाडी वळवून त्याने कडेला घेतली, ट्रेलरला हात करून जाऊ दिलं आणि मला म्हणाला, "रेती होती रस्त्यावर. तुझ्या वहिनीला सांगू नको."

मी सांगितलं नाही. सांगायला तोंडात थुंकी लागते, ती दुपारपर्यंत आली नाही.

भीती डोक्यात असते असं मी समजत होते. माझी कंबरेत बसली. सोमवारी वाशीला जाताना बस डेपोबाहेर वळली आणि मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. शेजारची बाई म्हणाली, "उलटी होतेय का?" ऑफिसात चाकांची खुर्ची आहे. ती जरा सरकली की मी टेबलाची कड धरायचे. बसल्या जागी, सपाट फरशीवर, मला मागचा भाग सुटल्यासारखा वाटायचा.

आणि पुढचा रविवार येत होता.

त्या रविवारी उरणजवळ मोऱ्याला, बंदरावरच्या कोळीवाड्यात, वहिनीच्या भावाची हळद होती. वहिनी मोऱ्याची, कोळ्यांची. दादाची मुलगी, माझी आठ वर्षांची पुतणी, मामाच्या हळदीत करवली होती. तिच्यासाठी हिरवं लुगडं आलं होतं, अबोलीचा गजरा सांगून ठेवला होता. आणि दादाने तिला शब्द दिला होता की बाकीचे मिनीबसमधून येतील, करवली पिवळ्या गाडीतून उतरेल. पुढच्या सीटवर. म्हणजे मी बसले होते त्याच सीटवर, त्याच रस्त्याने, त्याच वळणातून. शाळेतून आली की ती गॅलरीतल्या खुर्चीवर पाय पसरून बसायची आणि उतरायचा सराव करायची. आधी एक पाय, मग लुगडं सावरायचं, मग दुसरा.

मी तिच्याकडे बघत राहायचे आणि मला तो कंटेनर डुलताना दिसायचा.

आमचं घर पत्रकांवर वाढलेलं आहे. बाबा जमिनीच्या लढ्यात होते. पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरून शिकले आणि गणितं त्यांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली. त्यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की कुठलीही आपत्ती आपोआप येत नाही. तिला जबाबदार कुणीतरी असतं. त्याला शोधायचं, जगासमोर उभं करायचं, आणि खाली क्रमाने मागण्या लिहायच्या. बाबा गेले तरी माझी सवय गेली नाही. पाणी आलं नाही की मी पत्रक काढते, शाळेचं छप्पर गळलं की पत्रक काढते. तेव्हा भीती कंबरेत घेऊन मी मंगळवारी जे केलं ते उघड आहे. मी दादाच्या फ्रिजवर पत्रक चिकटवलं. एकच मागणी होती, करवलीला पिवळ्या गाडीतून नेऊ नये. कारण मात्र लिहिता आलं नाही, वहिनी रोज फ्रिज उघडते.

संध्याकाळी त्याखाली दादाच्या जाड अक्षरात उत्तर होतं. "मागणी फेटाळली. अध्यक्ष."

"काय गो बाय, आता घरातपन मोर्चा?" वहिनी म्हणाली. "पोरगी नाचते हाय गाडीसाठी. तुला काय झाला?"

"मला ती गाडी आवडत नाही."

"तुला पंखा आवडत नाय, एसी आवडत नाय, गाडी आवडत नाय. बस, भाकरी खा."

बुधवारी मी महापेला गेले. औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड आहे. तिथला मिस्त्री सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणजे गाडीचं अंग आणि चाकं यांच्यामधले दांडे, स्प्रिंगा, रबरं. मूळचा साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, जाड चष्मा. पूर्वी तो शर्यतीच्या गाड्यांची चाकं बसवून द्यायचा असं ऑफिसातल्या एकीने सांगितलं होतं. मला वाटलं होतं, तो मला हसेल. त्याने स्टूल पुसून दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मागलं टोक आधी गेलं का पुढलं?"

"मागचं."

"मग रेतीचं सोडा. रेतीवर चारी चाकं जातात." त्याने हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवला. "हे समजा तुमचं मागलं, बाहेरच्या अंगाचं चाक. डाव्या वळणात उजवं. वळणात सगळी गाडी ह्याच्यावर येऊन बसती. वजन आलं की सस्पेन्शन दबतं, आन् दबलं की हे चाक किंचित आत बघतं." त्याने पंजा दाबला आणि बोटं जराशी आत वळवली. "आत बघणारं चाक गाडीला धरून ठेवतं. बनवणाऱ्यानं तशीच दांड्यांची ठेवण केलेली असती. आता वजन काढलं." पंजा वर उचलला गेला आणि बोटं बाहेर वळली. "उचललं की चाक बाहेर बघाया लागतं. मागलं चाक बाहेर बघतंय म्हंजे काय? गाडीचं मागलं टोक ते बाहेर घेऊन चाललंय. मंग ती फिरणार न्हाई तर काय करणार?"

"वजन कसं निघतं?"

"पाय काढला की. अॅक्सिलरेटरवरचा पाय पटकन काढला की सगळी गाडी पुढच्या चाकांवर झुकती आन् मागली उचलतात. सरळ रस्त्यावर कळतसुदीक न्हाई. वळणात कळतं." तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "पर डम्परवाला माणूस म्हणता, अर्ध्या वळणात उगा पाय काढायचा न्हाई त्यानं. कायतरी आडवं आलं आसंल, न्हाईतर शेजारचं कुणी ओरडलं आसंल."

शेडमध्ये कुठेतरी ग्राइंडर चालू होता. तो बंद होईपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "कुत्रं आलं होतं."

मी पत्रकात कधी खोटं लिहिलेलं नाही. नगरसेवकाच्या तोंडावर, पोलिसाच्या तोंडावर मी खरं बोललेले आहे, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. एका अनोळखी मिस्त्रीसमोर, ज्याचं माझ्याकडे काही अडलं नव्हतं, मी कुत्रं उभं केलं.

"आसंल," तो म्हणाला. "पर नुसत्या पाय काढण्यानं उलटी फिरली म्हंजे मागं आणखी कायतरी केलेलं हाय. घरी जाऊन मागल्या स्प्रिंगा बगा. आत हात घालून बगा."

गाडी दादाच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये असायची. गुरुवारी सकाळी दादा साइटवर गेल्यावर मी चटई टाकून गाडीमागे आडवी झाले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मांजर गेली काय आत?" मी हो म्हटलं. दोन दिवसांत दुसरं खोटं. मोबाइलचा उजेड टाकून चाकामागे हात घातला. स्प्रिंगेचे वेढे हाताला लागले, थंड, मातीने माखलेले. तिसऱ्या वेढ्याशी बोटं अडली. दोन वेढ्यांच्या मध्ये कडक रबराचा जाड ठोकळा कोंबलेला होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

ते रबर मला माहीत होतं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. टेम्पो मागून दबायला लागला, कॅबचं पोट रस्त्याला घासायला लागलं, की शिरवणे गावाच्या रस्त्यावर कुणीही अर्ध्या तासात स्प्रिंगेत रबर घालून देतो. गाडी दोन बोटं उचलली जाते आणि मागून कडक होते. आमच्या गावात ते टायरमध्ये हवा भरण्याइतकं साधं काम आहे.

दुपारी दादा जेवायला आला तेव्हा वहिनी बाजारात गेली होती. मी विचारलं, "स्प्रिंगेत रबर कशाला घातलंस?"

घास घेता घेता तो थांबला. "तू गाडीखाली गेलीस?"

"कशाला घातलंस?"

"कशाला म्हनजे? गावात आनायची कशी गाडी? तुझा डोंगर हाय ना तोंडावर!"

डोंगर म्हणजे गावाच्या तोंडावरचा गतिरोधक. दोन वर्षांपूर्वी तिथे पाण्याच्या टँकरने शाळेत जाणाऱ्या एका मुलीला उडवलं होतं. तिचा पाय मोडला, ती अजून लंगडते. मी पत्रक काढलं, गाव जमलं, आणि कुणाची वाट न बघता एका दुपारीत गावानेच काँक्रीटचा गतिरोधक घातला. रागाच्या भरात घातलेला, म्हणून उंच. रिक्षासुद्धा त्यावर तिरकी चढते.

"खडी माझी, सिमेंट माझा, आनि कागद तुझा," दादा म्हणाला. "पहिल्याच दिवशी गाडीचा पोट घासला. सगला नाका बघत होता. मंग घातला रबर. त्यात काय झाला? डम्परला स्प्रिंगचा पाटा वाढवला की डम्पर वलनात झोपत नाय. मागून कडक ती गाडी मजबूत."

"ही डम्पर नाही."

"तू कधीपासून मिस्त्री झालीस?"

मी महापेचं सांगितलं. पंजा टेबलावर ठेवून दाखवला, बोटं आत वळवली, बाहेर वळवली. तो बघत होता, पण ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "बरं. काढतो रबर. मंग तू तो डोंगर फोडायचा पत्रक लिही. रविवारच्या आत. गाव तुझा ऐकतो."

खरं सांगते, एक क्षण मी मनात पहिली ओळ लिहिलीसुद्धा. पुतणी त्या गाडीत बसणार होती. तिच्या जिवापुढे काँक्रीटचा एक ढीग काय? पण त्या ढिगाशेजारून रोज सकाळी ती लंगडणारी मुलगी आणि तिच्यामागे पन्नास पोरं जातात, आणि टँकर तिथे थांबतात. कुणाच्या हौसेच्या गाडीसाठी मी ते फोडायला सांगणार नव्हते. दादाच्या तर नाहीच नाही.

"हे मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "उतार लांबवा, चढ सोपा करा, हवं तर त्यासाठी मीच घमेलं उचलते. पण रविवारच्या आत नाही आणि तुझ्या गाडीसाठी नाही."

"मंग रबर राहनार."

"मग तिला नेऊ नकोस."

"मी तिला शब्द दिला हाय! एकदा फिरली गाडी म्हनून काय..." त्याने ताट बाजूला सारलं. अर्धा भात तसाच होता.

तेव्हा मी ते सांगितलं. ठरवून नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून.

"दादा, तू पाय काढलास म्हणून गाडी फिरली. आणि मी ओरडले म्हणून तू पाय काढलास. मिस्त्रीने विचारलं तर मी कुत्रं आलं म्हणून सांगितलं."

मला वाटलं, आता ओरडेल. आता म्हणेल, मारणार होतीस दोघांना, आणि वर पत्रकं चिकटवतेस. मी तयार होते. जबाबदार माणूस सापडला होता आणि ती मी होते. अशा वेळी मागण्या कुणी कुणाकडे करायच्या असतात, ते बाबांच्या एकाही कागदात नव्हतं.

दादा हळू आवाजात म्हणाला, "मना वाटला माजा हात चुकला."

मग तो बोलत गेला, ताटाकडे बघत. रविवारपासून त्याने गाडी एकदाही चालवली नव्हती. रोज सकाळी साइटवर जायच्या आधी खाली जाऊन तो तिच्यात बसायचा. चावी लावायची नाही, नुसतं बसायचं आणि ते वळण आठवायचं. वीस वर्षं तो डम्पर चालवतोय, आणि हात कुठे चुकला ते त्याला सापडत नव्हतं. परवा बेलापूरच्या चढावर त्याने भरला डम्पर विनाकारण कडेला घेऊन थांबवला होता. ट्रेलरवाल्यासमोर तो हसला होता, कारण हसला नसता तर रडला असता, असं तो म्हणाला. माझा दादा असं म्हणाला.

"मग पोरीला कशाला नेतोयस?"

"नाय नेली तर मी घाबरलो असा होईल ना." आणि मग ताट उचलून उठत, "चल महापेला."

शनिवारी सकाळी गेलो. गतिरोधकावरून रबरासकट तिरके चढलो, शेवटचं. मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि मागची चाकं काढली. ठोकळे बाहेर आले तेव्हा त्याने ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, डॉक्टर पोटातून काढलेले खडे दाखवतो तसे.

"ह्यांनी दोन कामं केली. मागलं उचललं, म्हंजे चाक बसल्याजागीच बाहेर बघतंय. आन् कडक केलं, म्हंजे वळणातला भार मागल्या एकट्या बाहेरच्या चाकावर. टायर धरून धरून किती धरंल?"

"डम्परला तर चालता," दादा म्हणाला.

"डम्परच्या पाठीवर खडी आसती, दादा. हिच्या पाठीवर काय हाय? तुमची हौस."

दादा हसला, पण ह्या वेळी खरं हसला.

मागच्या दांड्यांच्या सांध्यातलं रबर झिजलं होतं. ते मिस्त्रीने बदललं आणि मागच्या चाकांचे कोन पुन्हा लावून दिले. तीन तास गेले. निघताना तो दादाला म्हणाला, "वेग वळणाच्या आधी कमी करा. आत शिरल्यावर पाय आहे तिथं, ना दाबायचा ना काढायचा." मग माझ्याकडे वळला. कुत्र्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "आन् शेजारच्यानं बोलायचं न्हाई."

परत येताना दादाने गाडी गावाकडे घेतली नाही. उरणच्या रस्त्याला लावली. का, ते मी विचारलं नाही.

उलवे मागे पडलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते, कारण ते मोकळे राहिले असते तर मी स्टेअरिंग धरलं असतं. समोर वळण दिसायला लागलं आणि कंबरेतली ती जागा आधीच सुटायला लागली, गाडी सरळ जात असताना. दादाने ब्रेक दाबला, वेग उतरवला, मग पाय पुन्हा अॅक्सिलरेटरवर आला. आम्ही वळलो. आरशात एक ट्रेलर होता. वळण संपेल असं वाटलं आणि ते आणखी वळलं. माझ्या घशात आवाज आला. मी तो ऐकला, बाहेर पडायच्या आधी, जसा दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी ओठ दातात धरले. खरंच धरले, रक्ताची चव आली.

गाडीचा मागचा भाग खाली बसला. ते मला जाणवलं, माझ्या पाठीखाली, उजवीकडे. तो बसला आणि तिथेच राहिला, आणि गाडी त्याच्यावर रेलून वळणातून बाहेर आली. पुढे सरळ रस्ता होता. काहीच झालं नाही.

दादाने कडेला थांबवून इंजिन बंद केलं. ट्रेलर निघून गेला, गाडी हवेने हलली.

"बरोबर झाली गाडी," तो म्हणाला.

"हो."

"तिला नाय नेनार."

मी त्याच्याकडे बघितलं.

"तू मोठी हायस, तोंड धरून बसलीस. ती पोर हाय. ती ओरडनार, आनंदानं पन ओरडनार. आनि ती ओरडली की मी पाय काढनार. मिस्त्री काय पन सांगो. मना माहीत हाय, मी काढनार."

गाडी आता गावात येऊ शकत नव्हती, पोट घासलं असतं. महामार्गाकडेला दादाचं मालाचं आवार आहे, तिथे विटांच्या थप्प्यांमागे त्याने ती उभी केली, आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. संध्याकाळी त्याने वहिनीला सगळं सांगितलं, वळणातलंही. वहिनी सुरमई चिरत होती. ती थांबली नाही. "मना ठाव होता काय तरी झालाय," ती म्हणाली. "आठवडा झाला, भात अर्धा टाकतोस. आनि ही बाय खुर्चीत बसते ती खुर्चीचा हात धरून बसते. तुमी भाव-बहीन मना काय येडी समजता?" मग विळी बाजूला ठेवून तिने हात धुतले आणि ते पुसायचं विसरून तशीच मोरीपाशी उभी राहिली.

पुतणीला सांगायचं काम दादाचंच होतं. ती गॅलरीतल्या खुर्चीत होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला की उद्या तिने मिनीबसमधून यायचं. गाडी तिच्यासाठी बरोबर नाही.

मला वाटलं, रडेल. ती विचारात पडली.

"मग तुज्यासाठी बरोबर हाय?"

दादाने तोंड उघडलं. मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं, जसं काही उत्तर माझ्याकडे छापलेलं असावं.

"नाय," तो म्हणाला. "मी पन मिनीबसमधून येतो."

"पुढच्या सीटवर कोन बसनार?"

"तू."

"आनि तू?"

"तुझ्या मागं."

रविवारी सकाळी मिनीबस गावातून निघाली तेव्हा आतमध्ये बायका गात होत्या, कुणीतरी डबा वाजवत होतं आणि पुतणी हिरवं लुगडं सावरून ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिने आमच्याशी बोलणं टाकलेलं होतं. दादा तिच्या मागच्या सीटवर, मी त्याच्या शेजारी. उलवे मागे पडलं. ड्रायव्हरला वळणाचं काही नव्हतं, तो एका हाताने चालवत मागच्या बाईला मोऱ्याच्या धक्क्याचा रस्ता विचारत होता. मिनीबस उजवीकडे कलली. मागे बायका एकमेकींवर पडून हसल्या, आणि पुतणी आनंदाने किंचाळली.

ड्रायव्हरने ढिम्म लक्ष दिलं नाही. मी खाली बघितलं. दादाचा उजवा पाय मिनीबसच्या पत्र्यावर दाबलेला होता, चपलेतली बोटं पांढरी पडेपर्यंत. रस्ता सरळ झाला, पुढे बंदराकडच्या क्रेन दिसायला लागल्या, तरी त्याने तो उचलला नव्हता.